शटरला अडलेली गाडी

गल्लीने त्यांचं नाव ठाकठोके ठेवलं होतं. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला त्यांच्या दारापर्यंत जातो कोण? ठाकठोके पत्र्याचं काम करायचे. धडकलेल्या गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, मडगार्ड ठोकून पूर्ववत करायचे, आणि तेही इतकं बेमालूम की गाडीचा मालकच नंतर विचारायचा, नेमकं लागलं होतं कुठे. पत्र्याला पडलेला पोचा आतल्या बाजूने ठोकून बाहेर काढावा लागतो. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गाड्यांचे पोचे असे काढले. त्यांच्या स्वतःच्या स्वभावाला पडलेला पोचा मात्र तसाच राहिला, कारण आतून हात घालू देतील तर शपथ.

घर म्हणजे पुढे शेड आणि मागे दोन खोल्या. शेडला रस्त्याच्या बाजूने शटर आणि घराच्या बाजूने एक लहान दार. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शेजारी एक बाई राहायच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते तेव्हा बाई एका दुपारी शेडच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, जरा आवाज कमी करता येईल का. ठाकठोक्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "कापसाची हातोडी मिळाली तर आणून द्या." झालं. गल्ली बाईंच्या बाजूने उभी राहिली, कोणीतरी तक्रार केली, चौकशीला पालिकेचे साहेब आले. त्या दिवशी ठाकठोक्यांनी शटर खाली ओढलं ते ओढलंच. पुढे बाईंचे यजमान गेले. ठाकठोके भेटायला गेले नाहीत. मग तर समोरासमोर येण्याची सोयच उरली नाही. गिऱ्हाईकंही हळूहळू तुटली, कारण बंद शटरवर थापा मारून काम देण्याची हौस कोणाला असते? ठाकठोके घरातल्या दाराने शेडमध्ये जायचे, त्याच दाराने परत यायचे, आणि सामान आणायला मागच्या बोळातून बाहेर पडायचे. कोणाशी बोललो नाही, असं वाटून झोपच यायची नाही, अशातला भाग नव्हता. झोप यायची. पण सकाळी उठल्यावर स्वतःचा घसा खाकरलेला ऐकला की त्यांना दचकायला व्हायचं.

शेडमध्ये एकच गाडी होती, झाकलेली.

ती त्यांची आणि धाकट्या भावाची. तरुणपणी दोघांनी भंगारातल्या एका मोटारीची चासी, इंजिन आणि चाकं घेतली आणि त्यावर स्वतःच्या हाताने शर्यतीची गाडी उभी केली. उघडी, दोन माणसांची, इतकी बुटकी की आत बसलं की परातीत बसल्यासारखं वाटायचं. अंग सगळं ठाकठोक्यांनी ठोकलेलं, चालवायला धाकटा. शर्यतीत गाडी कधीच पहिली आली नाही. एकदा शेवटून दुसरी आली, तर धाकट्याने येईल त्याला थांबवून सांगितलं की आमच्या मागेही एक होता. धाकटा तसाच. रस्त्यात पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही दहा मिनिटं अडकवून ठेवील. शेडमध्ये त्याच्यामुळे नेहमी कोणी ना कोणी बसलेलं असायचं, आणि ठाकठोके कुरकुर करत त्यांच्या पायांखालून हत्यारं ओढून घ्यायचे. मग धाकट्याने संसारासाठी दुसऱ्या शहरात नोकरी धरली. शेड शांत झाली. ती शांतता आपल्याला आवडते, असं ठाकठोक्यांनी ठरवून टाकलं.

आता धाकटा मुलाकडे होता. त्याच्या पायांतली ताकद गेली होती, पाठ वाकत नव्हती, सगळा दिवस चाकाच्या खुर्चीत. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तोच बोलायचा, ठाकठोके हं हं करायचे. शेवटी ठरलेला प्रश्न यायचा, "आपली गाडी कशी आहे, दादा?"

"आहे. झाकून ठेवलीय," ठाकठोके म्हणायचे.

हिवाळ्यात एका सकाळी पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांची एका ठिकाणी सोय केलीय. तिथे त्यांच्या वयाची माणसं आहेत, बघायला नर्स आहे. आम्ही दोघं दिवसभर बाहेर असतो, तुम्ही समजून घ्या. पावसाळ्याच्या आधी खोली मिळेल."

ठाकठोक्यांचं डोकंच फिरलं. सख्खा भाऊ जिवंत असताना धाकट्याने परक्यांत जाऊन राहायचं? "काही गरज नाही," ते म्हणाले. "मी त्याला इकडे घेऊन येतो."

"कसं आणणार? बाबांना उचलून गाडीत बसवता येत नाही. खुर्चीसकट आत ढकलावं लागतं. तशी गाडी आहे का तुमच्याकडे?"

"आहे," ठाकठोके म्हणाले. "आणि त्याला एवढ्यात काही बोलू नकोस. मी आल्यावर कळेल."

गाडी नव्हती, हे सांगायला नकोच. दुसरा कोणी असता तर त्याने एखादी जुनी व्हॅन शोधली असती. ठाकठोक्यांच्या डोक्यात ते आलंसुद्धा नाही. धाकट्याला आणायचं तर धाकट्याच्याच गाडीतून. त्यांनी झाकण काढलं, आपणच ठोकलेल्या त्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि ग्राइंडर लावला. पहिला काप द्यायला त्यांना सगळी सकाळ लागली. नंतरचे भराभर गेले.

इंजिन, चासी, स्टिअरिंग तेवढं ठेवलं, बाकी सगळं उतरवलं. पूर्वी जिथे जमिनीला टेकेल असं बूड होतं तिथे सपाट तळ आला, त्यावर चौकोनी पाइपांचा सांगाडा, सांगाड्यावर पत्रा. मागे पूर्ण उघडणारं दार, आणि दारातून खाली टेकवायची घडीची फळी, खुर्ची चढवायला. अंगाचं ओझं वाढलं म्हणून खालचे स्प्रिंगचे पाटे बदलून जाड घातले. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते विटेखाली दाबून ठाकठोके मापं घ्यायचे. वीट सरकली की तिला शिव्या. आणि धाकट्याचं माप? त्यांनी खुर्चीच्या उंचीचं स्टूल ठेवलं, त्यावर पाइप उभा बांधला आणि पाइपवर धाकट्याचं शर्यतीतलं पांढरं हेल्मेट घातलं. खिडकी कुठे यायला हवी, टपाला डोकं लागेल का, सगळं त्या हेल्मेटवरून ठरलं. "दिसतंय का बाहेरचं?" असं ते हेल्मेटला विचारायचे, आणि नाही म्हटल्यासारखं वाटलं की खिडकी बोटभर खाली घ्यायचे. सुरुवातीला त्यांना याची लाज वाटायची. पुढे पुढे ते दुपारचं जेवणही शेडमध्येच करायला लागले.

घरातही ठोकाठोक झाली. मधला उंबरठा काढला. खुर्चीचे हात खाली जावेत म्हणून टेबलाच्या पायांना जोड दिले. टेबल इतकं उंच झालं की ठाकठोके स्वतः जेवायला बसले की ताट हनुवटीशी यायचं. खिडकीजवळची खाट धाकट्यासाठी मोकळी केली आणि स्वतःचं अंथरूण दाराजवळ हलवलं. धाकट्याला फक्त यायचं बाकी होतं. येतोस का, हे त्याला विचारायचंही बाकी होतं, पण विचारायचं असतं हे ठाकठोक्यांच्या गावीही नव्हतं.

धाकट्याला त्या जागी हलवायचा दिवस उजाडला. पुतण्याला सांगून ठेवलं होतं की दुपारच्या आत पोचतो. सकाळी ठाकठोक्यांनी स्वच्छ सदरा घातला, शटर कुरकुरत पूर्ण वर केलं, गाडी सुरू केली आणि हळूच पुढे घेतली. काच बाहेर आली, ऊन आलं, आणि डोक्यावर कर्रकन आवाज झाला.

टप शटरला अडला होता.

आता आयुष्य पत्र्यात गेलेला माणूस अशी चूक करीलच कशी? तर अशी. शटर वर गुंडाळलं तरी त्याची खालची जाड पट्टी चौकटीच्या खाली हातभर लोंबते. रोज शटर उघडणाऱ्या कोणालाही ते दिसतं. ठाकठोक्यांनी उंचीचं माप घेतलं ते बंद शटरच्या आतून, जमिनीपासून चौकटीपर्यंत. शर्यतीच्या गाडीला शटर कमरेपर्यंत उचललं तरी पुरायचं, आणि गेल्या कित्येक वर्षांत ते पूर्ण उघडलंच नव्हतं.

त्यांनी शटर बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, परवा येतो. त्यांनी चारही चाकांची हवा सोडली. गाडी बसली, पण पुरेशी नाही. शेडमधलं होतं नव्हतं तेवढं भंगार, जुने पाटे, ऐरण, वेल्डिंगचं मशीन आत चढवलं. आणखी थोडी बसली. तरी दोन बोटं कमी. टप कापावा म्हणून त्यांनी ग्राइंडर हातात घेतला आणि आत पाहिलं. स्टुलावरचं हेल्मेट टपाच्या अगदी जवळ होतं. दोन बोटं कापली तर धाकट्याने सगळा रस्ता मान वाकवून यायचं. त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. जाड पाट्यांना अजून ओझं हवं होतं आणि शेडमध्ये ओझं संपलं होतं. उरलं होतं ते फक्त गल्लीत.

ठाकठोके शटरखाली उभे राहिले. इस्त्रीवाला समोर कपडे घडी घालत होता, तो थबकून पाहत राहिला. शेजारचं दार चार पावलांवर होतं. ती चार पावलं चालायला त्यांना जितका वेळ लागला तितका ऐरण चढवायलाही लागला नव्हता.

बाईंनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते, हे ठाकठोक्यांना ठाऊकच नव्हतं.

"जरा गाडीत बसायला याल का?" ते म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

बाईंनी चष्मा नीट केला. "कुठे जायचंय?"

"कुठे नाही. शटरच्या बाहेर."

"शटरच्या बाहेर तर मी आत्ताही आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं, धाकटा, खुर्ची, परक्या ठिकाणची खोली, दुपार, दोन बोटं. सांगताना घसा दोनदा बसला, एवढं एकदम बोलायची सवय राहिली नव्हती. बाईंनी चप्पल पायात सरकवली, रस्त्यात येऊन त्यांनी शाळेत वर्ग गप्प करायचा तो आवाज काढला आणि इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, "बायकोला घेऊन ये. आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलाव, त्याचं कामच आहे आज."

दुकानदार हे गल्लीतलं सगळ्यात वजनदार माणूस. "आयुष्यभर वजन करून दिलं," फळी चढताना तो म्हणाला, "आज वजन म्हणूनच जातोय." इस्त्रीवाला आला, त्याची बायको आली, वरच्या मजल्यावरचा शिंपी आला, कोणाकडे आलेले पाहुणे होते तेही आले. सगळे तळावर दाटीवाटीने बसले. पाइप सोडून बाईंना स्टूल दिलं, हेल्मेट त्यांनी मांडीवर घेतलं. पाटे कण्हले आणि गाडी सावकाश खाली गेली. ठाकठोक्यांनी स्टिअरिंग धरलं. मागे सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, जणू त्यांच्या मानाच शटरला अडत होत्या. दुकानदाराने श्वास आत ओढून धरला, तर इस्त्रीवाला म्हणाला, "शेठ, सोडा तो, तुम्ही हलके व्हाल." गाडी सूतभर अंतर राखून पट्टीखालून बाहेर आली.

बाहेर आल्यावर लगेच कोणी उतरलं नाही. खिडकीतून आपलीच गल्ली पाहत बसले. "धाकटे इथे असताना काय गप्पा व्हायच्या," शिंपी म्हणाला. "आणाच त्यांना."

"परत आलात की हाक मारा," दुकानदार म्हणाला. "आत घालायला पुन्हा बसू. आणि धाकटे असतीलच, म्हणजे आमच्यातला एक माणूस कमी लागेल."

ते उतरले तशी गाडी एकेक बोट वर आली. ठाकठोक्यांनी ऐरण, मशीन सगळं उतरवलं, चाकांत हवा भरली आणि निघाले. रस्ताभर ते हेल्मेटशी बोलले नाहीत. खरं माणूसच भेटायचं होतं.

धाकटा इमारतीखाली खुर्चीत बसला होता, मांडीवर पिशवी, बाजूला पुतण्या. गाडी थांबली आणि त्याने अंगाकडे पाहिलंच नाही. इंजिनाचा आवाज ऐकत राहिला.

"हिला कापलीस तू?"

"हो."

"बरं केलंस. बुटकी होती तेव्हा मला कुठे बसता येत होतं तिच्यात?"

ठाकठोक्यांच्या छातीवरची ऐरण उतरली. त्यांनी फळी टेकवली, खुर्ची आत ढकलली, चाकांना पट्टे लावले. धाकट्याने खिडकीतून पाहिलं. "बरोबर डोळ्यांसमोर आली रे."

"घरीही सगळं केलंय," ठाकठोके घाईघाईने सांगू लागले. "उंबरठा काढला, टेबल वर घेतलं, खिडकीजवळ खाट..."

"दादा." धाकट्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. "मला एकदा विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? आपलं घर आहे."

"आहे ना. पण तू शटर ओढून बसतोस. मी आलो तर आपण दोघं शटर ओढून बसू. तिथे पत्त्यांचा डाव असतो, भांडायला माणसं आहेत. मीच पोराच्या मागे लागलो होतो, मला तिथे ने म्हणून."

ठाकठोक्यांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या जमिनीकडे पाहत होता. आज शटर उघडलं होतं, लोक आत बसले होते, दुकानदाराने श्वास धरला होता, हे सगळं सांगावंसं ठाकठोक्यांना वाटलं. पण एका सकाळच्या जोरावर माणसाला काय सांगायचं? ते पट्टे पुन्हा घट्ट करत राहिले. ते आधीच घट्ट होते.

"एवढी केलीच आहेस," धाकटा म्हणाला, "तर तूच सोड मला तिथे. आपल्या गाडीतून."

आणि ठाकठोक्यांनी सोडलं. ज्या जागेपासून वाचवायला गाडी केली, त्याच जागी ती घेऊन गेली. धाकटा सगळा रस्ता बोलत होता, पुढच्याला गाठ, वळणावर कचरू नकोस. ठाकठोके हं हं करत होते. रडू येत होतं, पण मागे आरशात धाकटा दिसत होता, आणि त्यालाही आरसा दिसत असणार. फाटकाशी कोणीतरी म्हातारा उभा होता. खुर्ची खाली उतरायच्या आत धाकट्याने त्याला सांगायला सुरुवात केली होती, ही आमची गाडी, एकदा शेवटून दुसरी आलेली. हेल्मेट त्याने मांडीवर घेतलं होतं. परत द्यायचं त्याच्या लक्षात आलं नाही आणि मागायचं ठाकठोक्यांच्या जिवावर आलं. खुर्ची गेली आणि गाडी पाट्यांवर वर आली.

दिवेलागणीला ठाकठोके गल्लीत पोचले. शटर सकाळी उघडं टाकलं होतं तसंच होतं. त्यांनी गाडी त्याच्यासमोर उभी केली, उतरले आणि टप आणि पट्टी यांच्याकडे पाहत राहिले. रिकामी गाडी चांगलीच उंच उभी होती. इस्त्रीवाल्याकडे दिवा होता, दुकानात गिऱ्हाईक होतं. एक हाक पुरली असती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली की सगळे येणार, आणि पहिला प्रश्न कुठला विचारणार हे काय ठाऊक नव्हतं?

शेजारचं दार उघडलं. बाई बाहेर आल्या, गाडीच्या मागच्या दाराशी गेल्या आणि आत डोकावल्या. मोकळे पट्टे तळावर पडले होते.

"हाक मारणार होतात ना?"

"एक माणूस कमी पडेल," ठाकठोके म्हणाले.

 बाईंनी फळी स्वतःच खाली टेकवली, दाराला धरून आत गेल्या आणि धाकट्याची खिडकी होती तिथे स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने ठाकठोके चढले आणि दाराजवळ तळावर बसले. दोघांच्या वजनाने गाडी जराशी खाली गेली. शटरखालून जायला ते पुरणार नव्हतं, पण उठून कोणाला बोलवायची घाई दोघांपैकी कोणालाच नव्हती.